आवकवहीतील आकडे आणि कराराचे बळ

वैद्यकव्यवसायात आपण अनुमान आणि युक्ती या प्रमाणांचा नित्य अवलंब करतो. एकाच लक्षणावरून व्याधिनिश्चय करू नये, हे आपणांस विद्यार्थिदशेपासून शिकविले जाते. परंतु हाच वैद्य रुग्णतपासणी आटोपून औषधालयाच्या गल्ल्यावर बसला, की ही शिस्त सुटते. ‘अमुक व्यापारी नेहमीच माल उशिरा देतो’ असे आपण सहज म्हणतो. पण ‘नेहमी’ म्हणजे किती वेळा आणि ‘उशिरा’ म्हणजे कोणत्या मुदतीनंतर, असे कोणी विचारल्यास आपल्याजवळ उत्तर नसते. असे उत्तर नसेल, तर स्वाक्षरी केलेला करारही फारसा उपयोगी पडत नाही. हा धडा प्रस्तुत लेखक स्वानुभवाने शिकला. समव्यवसायी बंधुभगिनींना त्याचा उपयोग व्हावा, या हेतूने तो येथे मांडीत आहे.

एक अनुभव

काही वर्षांपूर्वी दवाखान्याला जोडून मी लहानशी फार्मसी सुरू केली. काष्ठौषधींसाठी एका घाऊक व्यापाऱ्याशी मुद्रांक कागदावर करार केला. त्यात ‘उत्तम प्रतीचा माल वेळेवर पुरवावा’ असे मोघम वाक्य होते. वर्षाच्या अखेरीस माझी अशी ठाम समजूत झाली, की हा गृहस्थ सदैव विलंब करतो. त्याचे देणे रोखून नुकसानभरपाई मागावी, या विचाराने मी वकिलांकडे गेलो. त्यांनी करार वाचून एवढेच विचारले, “वैद्यराज, वेळेवर म्हणजे किती दिवसांत? आणि उशीर किती वेळा झाला?”

घरी येऊन आवकवही उघडली. वर्षभरात एकूण पंधरा मागण्या नोंदविल्या होत्या. मागणीपासून माल येईपर्यंतचे दिवस चढत्या क्रमाने मांडले, ते असे : ६, ६, ७, ७, ७, ८, ८, ८, ९, ९, ९, १०, ११, ३४, ४१.

सरासरी आणि मध्यक

या सर्वांची बेरीज १८० होते. पंधरांनी भागल्यास सरासरी १२ दिवस येते. परंतु पंधरापैकी एकही खेप बाराव्या दिवशी आलेली नाही. तेरा खेपा अकरा दिवसांच्या आत आल्या आणि केवळ दोन खेपांनी सरासरी वर ओढली. अशा वेळी मध्यक पाहावा. चढत्या क्रमाने मांडलेल्या आकड्यांतील मधोमध येणारा आकडा म्हणजे मध्यक. येथे तो आठवा आकडा, म्हणजे ८ दिवस. व्यापाऱ्याचे नित्याचे वर्तन मध्यक सांगतो. सरासरीत अपवादही मिसळलेले असतात. दोन्ही आकडे जवळजवळ असतील तर चिंता नाही. त्यांत अंतर पडले, की इतरांपासून दूर गेलेले आकडे शोधून त्यांचे कारण स्वतंत्रपणे तपासावे.

माझ्या वहीतील त्या दोन्ही मागण्या ऐन पावसाळ्यातील होत्या आणि दोहोंत सालींचे प्रमाण अधिक होते. ओल्या हवेत साली वाळत नाहीत, हे कारण संभाव्य खरे. पण दोन उदाहरणांवरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. दोन गोष्टी एकत्र आढळल्या म्हणून एक दुसरीचे कारण ठरत नाही, हे निदान करणाऱ्या वैद्याला वेगळे सांगावयास नको.

वहीने आणखी एक गोष्ट दाखविली, ती अधिक अप्रिय होती. तीस दिवसांत पैसे देण्याचे मी तोंडी कबूल केले होते. माझ्या देयकांचा मध्यक ५२ दिवस निघाला. ‘नेहमी उशीर’ करणारा पक्ष कोण, हे त्या रात्री मला कळले. व्यापाऱ्याने हाच हिशेब न्यायालयात मांडला असता, तर माझी बाजू किती टिकली असती?

कायदा काय पाहतो

भारतीय करार कायदा १८७२ चा आहे. त्याच्या कलम १० प्रमाणे सक्षम व्यक्तींची मुक्त संमती, वैध मोबदला आणि वैध हेतू असला, की करार होतो. कायद्याने लेखाची सक्ती केली नसेल तेथे तोंडी करारही वैध असतो. मुद्रांक कागदाने करार जन्माला येत नाही. मात्र आवश्यक मुद्रांक नसलेला लेख, शुल्क व दंड भरेपर्यंत, पुराव्यात स्वीकारला जात नाही.

कलम २९ आपल्या व्यवसायाच्या दृष्टीने मननीय आहे. ज्याचा अर्थ निश्चित नाही आणि निश्चित करताही येत नाही, असा करार शून्य होय. कायद्याने दिलेले उदाहरण तेलाचेच आहे. शंभर टन ‘तेल’ विकण्याचा करार झाला, पण कोणते तेल हे कशावरूनही कळत नसेल, तर तो करार शून्य. विक्रेता केवळ खोबरेल तेलाचाच व्यापारी असेल, तर मात्र अर्थ निश्चित होतो आणि करार टिकतो. अनुक्त असता तैल म्हणजे तिळाचे तेल घ्यावे, ही आपली परिभाषा आपणांस पाठ असते. पण व्यापाऱ्याने ती मान्य केली आहे, असे गृहीत धरता येत नाही. करारात तेलाचे नाव लिहावे, हेच श्रेयस्कर.

‘वेळेवर’ या शब्दाने करार शून्य होत नाही. मुदत ठरलेली नसेल तेथे कलम ४६ प्रमाणे वाजवी काळ गृहीत धरला जातो, आणि वाजवी काळ किती, हा प्रत्येक प्रकरणातील वस्तुस्थितीचा प्रश्न असतो. येथेच आकडे बोलतात. तेरा खेपा अकरा दिवसांत देणाऱ्या व्यापाऱ्याला एक्केचाळीस दिवस का लागले, हे विचारण्याचा आधार वही देते.

हानीचे मोजमाप

कलम ७३ प्रमाणे करारभंगातून स्वाभाविकपणे उद्भवलेल्या हानीची भरपाई मिळते. दूरच्या व अप्रत्यक्ष हानीची नाही. हानी मोजताना ऋतुमान विसरू नये. हेमंतात च्यवनप्राश उशिरा आला, तर त्या महिन्याच्या विक्रीची तुलना गतवर्षीच्या हेमंताशी करावी, शरदाशी नव्हे. अन्यथा ऋतूचा परिणाम व्यापाऱ्याच्या माथी मारला जाईल किंवा खरी हानी लपून राहील.

करारात विलंबाची रक्कम आधीच ठरविली असली, तरी कलम ७४ प्रमाणे ती कमाल मर्यादा ठरते. तिच्या आत वाजवी भरपाई मिळते. सर्वोच्च न्यायालयाने फतेहचंद विरुद्ध बालकिशनदास या १९६३ च्या निवाड्यात हे तत्त्व स्पष्ट केले आहे. म्हणून धाक म्हणून भला मोठा दंड लिहिण्यापेक्षा हिशेबाने समर्थनीय ठरेल असा आकडा लिहावा.

नमुना व दर्जा

नमुन्यावरून झालेल्या विक्रीत माल नमुन्याप्रमाणे असावा आणि ग्राहकास तो ताडून पाहण्याची वाजवी संधी मिळावी, असे १९३० च्या वस्तुविक्री कायद्याचे कलम १७ सांगते. पण पोत्याच्या तोंडाशी असलेली मूठभर वनस्पती म्हणजे नमुना नव्हे. अनेक पोत्यांतून, वरचा, मधला व तळचा भाग घेतला, तरच तो समग्र मालाचे प्रतिनिधित्व करतो. उभय पक्षांच्या स्वाक्षरीने मोहोरबंद केलेला असा नमुना जपून ठेवावा. ‘उत्तम प्रत’ या शब्दांऐवजी आयुर्वेदिक फार्माकोपियातील विजातीय द्रव्य, भस्मांश व जलविद्राव्य अंश यांच्या मर्यादांचा उल्लेख करावा. दोष आढळल्यास त्वरित लेखी कळवावे. वाजवी काळ माल ठेवून घेऊन मौन बाळगल्यास तो स्वीकारला असे मानले जाते.

नोंदीचे मूल्य

व्यवसायात नियमितपणे लिहिलेल्या हिशेबवह्या पुराव्यात ग्राह्य असतात; परंतु केवळ स्वतःच्या नोंदीवरून दुसऱ्यावर दायित्व लादता येत नाही. पूर्वीच्या पुरावा कायद्यातील हे तत्त्व १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम २८ मध्ये कायम आहे. माझ्या वहीतील मागण्यांच्या तारखा मी दूरध्वनीनंतर लिहिलेल्या होत्या. व्यापाऱ्याची पोच एकाही मागणीला नव्हती. सुट्या कागदांची अवस्था तर अधिकच दुर्बल असते. संगणकातील वा भ्रमणध्वनीतील नोंद सादर करावयाची असल्यास त्याच अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र लागते.

उधारीची मुदत ठरलेली नसेल, तर विकलेल्या मालाच्या किमतीचा दावा माल दिल्यापासून तीन वर्षांत करावा लागतो. ही मुदत संपण्यापूर्वी ऋणकोने स्वाक्षरीनिशी लेखी कबुली दिल्यास मुदत नव्याने सुरू होते. म्हणून दरवर्षी मार्चअखेर शिल्लक रकमेवर परस्परांची स्वाक्षरी घ्यावी.

शेवटी

मी दावा केला नाही. थकलेले पैसे चुकते केले आणि वही घेऊन व्यापाऱ्याकडे गेलो. नव्या करारात सर्वसाधारण मालास बारा दिवस, पावसाळ्यात सालींना पंचवीस दिवस, मागणीची लेखी पोच, आणि माझ्या देयकास तीस दिवस अशा मुदती आम्ही लिहिल्या. आज उभयतांपैकी कोणाचाही विलंब बोट ठेवून दाखविता येतो; त्यामुळे वादाचा प्रसंग क्वचितच येतो.

करार मोठा असेल तर वकिलांचा सल्ला अवश्य घ्यावा. परंतु त्यांच्याकडे जाण्यापूर्वी मागणीची तारीख, पोच, आवकेची तारीख आणि देयकाची तारीख असे चार रकाने आपल्या वहीत असावेत. येत्या महिन्यापासून ते आखावेत, आणि वर्षअखेर प्रथम स्वतःचा रकाना वाचावा, ही सर्व वैद्यबंधुभगिनींना नम्र विनंती.