तापलेले मूल आणि आईचा खाडा

२१ नोव्हेंबर २०२५ रोजी चार श्रमसंहितांचा अंमल सुरू झाला आणि ५० किंवा त्याहून अधिक कामगार असलेल्या आस्थापनांवर पाळणाघराची सक्ती करणारे कलम पुन्हा चर्चेत आले. पुणे जिल्ह्यातील रांजणगाव आणि कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतींत अशी पाळणाघरे किती निघतील, त्यांचा खर्च कोणी सोसायचा, याचा ऊहापोह वाचकांनी वाचलेलाच असेल. परंतु पाळणाघर निघाल्यावर ज्या प्रश्नाशी तिथल्या ताईची गाठ रोज सकाळी पडणार आहे, तो म्हणजे अंगात कणकण असलेले मूल आत घ्यावे की घरी धाडावे, त्याविषयी त्या कलमात अवाक्षर नाही; आणि या सोयीचे यशापयश, माझ्या मते, त्याच प्रश्नाच्या उत्तरावर ठरणार आहे.

वैद्यकाने हे उत्तर बऱ्याच अंशी दिलेले आहे, आणि ते आपल्या समजुतीहून पुष्कळ सौम्य आहे. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने त्यासाठी तीन कसोट्या मुक्रर केल्या आहेत: मूल नेहमीच्या खेळण्याजेवण्यात रमू शकते का, त्याची शुश्रूषा करताना इतर मुलांची आबाळ होईल का, आणि त्याचा आजार इतरांना अपायकारक ठरेल असा आहे का. या कसोट्या लावल्या तर वाहते नाक, मग शेंबूड हिरवा का असेना, किरकोळ खोकला किंवा डोक्यातल्या उवा, यांपैकी कशापायीही मुलाला घरी ठेवण्याचे कारण उरत नाही. सर्दीचा विषाणू लक्षणे दिसण्यापूर्वीच पसरू लागलेला असतो. तेव्हा नाक पुसत आलेल्या मुलाला दारातून परतवल्याने बाकीच्यांचे रक्षण फारसे होत नाही, त्याच्या आईचा मात्र खाडा पडतो. २०२३ च्या जुलैत आळंदीला डोळ्यांची जी मोठी साथ आली तसा प्रसंग वगळला, तर डोळे आलेल्या परंतु हसत्याखेळत्या मुलालाही ही अकादमी सरसकट मज्जाव करीत नाही.

उलटपक्षी, जिथे घरी ठेवायचे तिथे कुचराई चालणार नाही. ताप असून मूल मलूल झाले असेल तर औषधावाचून २४ तास ताप न येईपर्यंत, उलट्या-जुलाब झाले असतील तर ते थांबल्यापासून ४८ तास, कांजिण्यांत शेवटच्या फोडावर खपली धरेपर्यंत, गोवरात पुरळ उठल्यानंतर चार दिवस आणि गालगुंडात सूज आल्यापासून पाच दिवस त्याने घरीच राहावे. आणि एक ते पाच वर्षांचे मूल मिनिटाला ४० किंवा अधिक श्वास घेत असेल, त्याची छाती आत ओढली जात असेल किंवा ते पाणीही घेईनासे झाले असेल, तर घर आणि पाळणाघर हा विचारच सोडून तडक रुग्णालय गाठावे.

यातले पुष्कळसे आपल्या आज्यांना ठाऊक होते. गोवर-कांजिण्या निघाल्या की दाराला कडुनिंबाचा डहाळा लागे आणि परक्याला उंबऱ्याबाहेरच थांबवले जाई. ते विलगीकरणच होते. पण त्या घरात मुलाजवळ बसायला आजी, काकू, आत्या, कोणी ना कोणी असे. आज शिरूर-रांजणगाव परिसरात भाड्याच्या एका खोलीत राहणाऱ्या, विदर्भ-मराठवाड्यातून आलेल्या कंत्राटी कामगार स्त्रीला असे माणूस कुठून मिळावे? ती सकाळी सहाला तापलेल्या मुलाला पॅरासिटामॉलचे औषध पाजते, अंग निवते, मूल ताईच्या हवाली होते. चार ते सहा तासांनी औषधाचा असर ओसरतो आणि अकराच्या सुमारास ते पुन्हा फणफणते. तिला निष्काळजी म्हणणाऱ्यांनी तिच्या पगाराचा हिशेब एकदा पाहावा. कामगार राज्य विमा तिच्या स्वतःच्या आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के मजुरी देतो. मुलाच्या आजारपणासाठी त्यात तरतूद नाही. शिरूर तालुक्यातच सरकारी कचेरीत काम करणाऱ्या स्त्रीला मात्र राज्य शासनाने २०१८ पासून १८० दिवसांची बालसंगोपन रजा दिलेली आहे. एकीला रजा आणि दुसरीला खाडा, हा भेद मुलाच्या तापाला कळत नाही.

भीमेपलीकडे दौंडच्या ऊसपट्ट्यात स्थिती याहून बिकट आहे. तिथे ऊसतोडीला नवराबायको मिळून एक कोयता, म्हणजे कामाची एक जोडी, धरला जातो. मूल आजारी म्हणून बाई कोपीवर, म्हणजे झोपडीवर, थांबली तर तोड निम्म्यावर येते आणि मुकादमाकडून घेतलेली आगाऊ उचल फिटायची राहते. म्हणून जुलाबाने गळालेले मूलही फडातच उसाच्या पाचटावर निजवले जाते.

येथे बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांचे स्मरण अपरिहार्य आहे. १९४५ मध्ये बोर्डीला कार्य आरंभल्यावर गरीब वस्तीतील मुले बालवाडीत येत नाहीत असे दिसताच, त्यांच्या आईबापांना दोष देण्याऐवजी, त्यांनी बालवाडीच उचलून त्या मुलांच्या अंगणात नेली. पुढे अनुताई वाघ यांच्या साहाय्याने कोसबाडला हे कार्य त्यांनी वाढविले. मूल येऊ शकत नसेल तर संस्थेने मुलाकडे जावे, हे त्यांचे तत्त्व आजारी मुलाला तर अधिकच लागू पडते. अन्नसुरक्षा कायद्याने तीन ते सहा वर्षांच्या मुलाला अंगणवाडीतून आहार देऊ केला आहे. ज्या दिवशी मूल आजारी म्हणून घरी राहते त्याच दिवशी त्याचा हा घास चुकावा, हे कोणत्या न्यायात बसते? सेविकेने त्याच्या वाट्याची खिचडी घरी पोचती करावी, जुलाब असतील तर सोबत क्षारसंजीवनीची पुडी द्यावी आणि त्या दिवसाची त्याची हजेरी दप्तरात कापली जाऊ नये.

राहिला आईच्या खाड्याचा प्रश्न. स्वीडनने १९७४ पासून आजारी मुलाजवळ थांबणाऱ्या आईला किंवा बापाला विम्यातून वेतन देण्याची प्रथा ठेवली आहे. बारा वर्षांखालील प्रत्येक मुलामागे वर्षाला १२० दिवसांपर्यंत, सुमारे ८० टक्के. तितकी ऐपत आपली नसेल, परंतु पाळणाघराच्या नियमावलीला जोडून आई किंवा बाप यांपैकी कोणालाही घेता येईल अशी वर्षाकाठी निदान दहा दिवसांची पगारी रजा, आणि तीही कंत्राटी कामगारांसकट, देणे रांजणगाव-कुरकुंभच्या कारखानदारांना अशक्य नाही. ऊसतोड कामगारांसाठी हीच तजवीज साखर कारखान्यांनी करावी आणि तिचा भार मुकादमाच्या हिशेबावर पडू देऊ नये. मूल केव्हा घरी ठेवावे याची यादी पाळणाघराच्या भिंतीवर अवश्य लावावी. पण त्या रजेचा हुकूम तिच्याशेजारी लागेपर्यंत ती यादी पाळण्याची अपेक्षा कोणत्याही आईकडून करण्याचा अधिकार आपल्याला नाही.