अम्मी, ताळा विचारा!

मगरिबनंतर द्वारका चौकाची वर्दळ ओलांडून क्लासला जायचे म्हणजे घरच्यांच्या जिवाला घोर. अशा वेळी बारावी सायन्सच्या मुलीला फोनवर गृहपाठाची मदत मिळाली, तर सोयच. पण गणिताचा फोटो पाठवायचा, आलेले उत्तर वहीत उतरवायचे, ही सवय घातक. परीक्षेत फोन नसतो.

२००४ मध्ये अमेरिकेत सलमान खान (अभिनेते नव्हेत!) यांनी दूर राहणाऱ्या नादिया या नात्यातल्या बहिणीला फोनवरून गणित समजावले. उत्तरे पुरवली नाहीत, शिकवले. त्यातूनच पुढे मोफत शिकवणारी ‘खान अकादमी’ उभी राहिली.

आपल्याला कॅल्क्युलस येत नसले, तरी एवढे विचारता येते : “बेटा, ताळा करून पाहिलास का?” इंटिग्रेशनच्या उत्तराचे डिफरन्सिएशन केले की मूळ पद परत यायला हवे. केमिस्ट्रीच्या समीकरणात दोन्ही बाजूंचे अणू मोजावेत. हायड्रोजनचे दोन रेणू आणि ऑक्सिजनचा एक, यांपासून पाण्याचे दोन रेणू होतात. हायड्रोजनचे अणू दोन्हीकडे चार, ऑक्सिजनचे दोन.

ताळा जुळला नाही, तर अख्खे गणित नव्हे, अडलेली पायरी विचारायला सांगा. तीच परीक्षेत कामी येईल.