चिमटा लावून अंगातली चरबी मोजतात ती कशी? आकड्यावर किती भरवसा ठेवायचा?

तालुक्याच्या गावांत आता जिम झाल्या आहेत. पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं, जत्रेच्या फडात उतरणारे पैलवान तिथे जातात. ट्रेनर पोटाला, मांडीला प्लास्टिकचा चिमटा लावतो, मोबाईलमध्ये आकडे टाकतो आणि सांगतो, "तुझं फॅट अठरा टक्के आहे." पोरगं घरी येतं आणि दुसऱ्या दिवसापासून भाकरी बंद करतं, नाहीतर पावडरचा डबा विकत घेतं. पण हा आकडा येतो कुठून आणि तो कितपत खरा, हे फारसं कुणी सांगत नाही.

चिमटा नेमकं काय मोजतो?

या चिमट्याला कॅलिपर म्हणतात. आपल्या शरीरातल्या चरबीचा मोठा भाग कातडीच्या लगेच खाली असतो. दोन बोटांत कातडी धरून वर उचलली की घडी हातात येते. त्या घडीत कातडीचे आणि चरबीचे दुहेरी थर असतात. घडी किती मिलिमीटर जाड आहे, एवढंच कॅलिपर सांगतो. टक्केवारी तो मोजत नाही, ती पुढे हिशोबाने काढतात.

अंगणवाडीत लहान लेकरांच्या दंडाला पट्टी लावतात, ते सगळ्यांनी पाहिलं आहे. घेर साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली गेला की लेकरू तीव्र कुपोषित धरतात. पट्टी दंडाचा सगळा घेर मोजते, म्हणजे हाड, स्नायू, चरबी सगळं एकत्र. कॅलिपर त्यातली फक्त कातडीखालची चरबी वेगळी धरायला बघतो.

टक्के कसे निघतात?

तेल पाण्यावर तरंगतं, तशी चरबीही पाण्यापेक्षा हलकी असते. स्नायू आणि हाड पाण्यापेक्षा जड. त्यामुळे माणसाचं पाण्याखाली वजन केलं तर अंगात चरबी किती, याचा अंदाज येतो. संशोधकांनी शेकडो लोकांचं असं वजन केलं, त्याच लोकांच्या घड्याही मोजल्या आणि दोन्हींचा मेळ घालून सूत्रं बसवली. ग्लासगोतल्या ४८१ स्त्री-पुरुषांवरून डर्निन आणि वोमर्सली यांनी १९७४ साली दिलेलं सूत्र प्रसिद्ध आहे. जिममध्ये बहुतेक वेळा जॅक्सन आणि पोलॉक यांचं अमेरिकेतलं सूत्र वापरतात. पुरुषांचं १९७८ चं, स्त्रियांचं १९८० चं.

या सूत्रात पुरुषांच्या छाती, पोट आणि मांडी या तीन जागा घेतात. स्त्रियांच्या दंडाची मागची बाजू, कमरेच्या हाडाच्या वरची जागा आणि मांडी. समजा २५ वर्षांच्या पोराच्या छातीवर १०, पोटावर २० आणि मांडीवर १५ मिलिमीटर आले. बेरीज ४५. सूत्रात वय आणि बेरीज टाकली की उत्तर येतं साधारण १३ टक्के. त्याचं वजन ७० किलो असेल तर चरबी नऊ किलोच्या आसपास, बाकी ६१ किलो हाड, स्नायू, पाणी वगैरे.

मोजायची रीत

- सकाळी, व्यायामाच्या आधी मोजावं. अंग कोरडं असावं, तेल लावलेलं नसावं.
- उजव्या अंगाला मोजायची पद्धत आहे.
- डाव्या हाताच्या अंगठ्याने आणि तर्जनीने घडी उचलून धरायची. घडीत स्नायू आला का, हे कळायला समोरच्याला तो भाग आवळायला सांगा. बोटांतून काही निसटलं तर स्नायू आला होता, घडी पुन्हा धरायची.
- बोटांपासून एक सेंटिमीटर अंतरावर कॅलिपर आडवा लावायचा आणि त्याची पकड सोडायची. घडी मात्र बोटांतून सोडायची नाही. साधारण दोन सेकंदांत आकडा वाचायचा. जास्त वेळ दाबून धरलं तर चरबी दबते आणि आकडा कमी येतो.
- प्रत्येक जागी दोन-तीन वेळा मोजून सरासरी घ्यायची.
- बायकांचं माप बाईनेच घ्यावं.

आकडा कुठे चुकतो?

अनुभवी माणसाने चांगल्या कॅलिपरने मोजलं तरी तीन-चार टक्के इकडेतिकडे होतात. म्हणजे १८ सांगितले तर खरे १५ असू शकतात किंवा २१. चांगल्या कॅलिपरचा दाब ठरलेला असतो, स्वस्तातल्या प्लास्टिकच्या कॅलिपरमध्ये तो कमी-जास्त होतो. एका ट्रेनरने पोटावर बेंबीच्या बाजूला दोन सेंटिमीटरवर धरलं आणि दुसऱ्याने चार सेंटिमीटरवर, तरी आकडा बदलतो. शिवाय ही सूत्रं परदेशातल्या लोकांवरून बसवली आहेत. म्हणून आज १८ आणि पुढच्या आठवड्यात दुसऱ्या जिममध्ये १६ आले, तर चरबी घटली असं धरू नये.

त्यापेक्षा मिलिमीटरची बेरीज वहीत लिहून ठेवणं बरं. तोच माणूस, तोच कॅलिपर, त्याच जागा, महिन्यातून एकदा. बेरीज ४५ वरून ३८ वर आली आणि वजन तेवढंच राहिलं, तर चरबी घटून अंग भरतंय. उलट वजन तीन किलो उतरलं आणि बेरीज तिथेच, तर गेलं ते पाणी किंवा स्नायू. भरतीत धावायला, फडात लढायला स्नायूच लागतात.

पैलवानांनी हे वाचाच

चरबी शून्यावर नेता येत नाही. शरीर चालायला पुरुषाला साधारण ३ टक्के आणि स्त्रीला १२ टक्के चरबी लागतेच. वजनगटात बसायला खाणं-पाणी तोडून, अंगावर प्लास्टिक चढवून घाम काढणारे पैलवान आपल्याकडेही दिसतात. अमेरिकेत १९९७ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये असं वजन उतरवताना कॉलेजचे तीन पैलवान दगावले. त्यानंतर तिथल्या कॉलेज कुस्तीत नियम आला. हंगामाआधी प्रत्येकाची चरबी मोजायची आणि ५ टक्क्यांच्या खाली जावं लागेल अशा वजनगटात त्याला उतरू द्यायचं नाही. या मोजणीला तिथे कॅलिपर वापरतात. एक लिटर घाम गेला की काटा एक किलो कमी दाखवतो, पण चरबी होती तेवढीच राहते.

सडपातळ माणसालाही धोका

"मी तर काडीसारखा, मला कुठली शुगर?" असं म्हणणारे गावोगाव भेटतात. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायका आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. तिथल्या बाळांचं जन्मवजन सरासरी २.७ किलो भरलं, तर इंग्लंडमधल्या बाळांचं ३.५ किलो. कॅलिपर लावला तेव्हा दिसलं, की आपल्या बाळांचे स्नायू बरेच कमी होते, पण पाठीवरची चरबी त्या मानाने फारशी कमी नव्हती.

मोठ्या माणसांचंही तसंच. डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली स्वतःचीच मापं छापली. उंचीच्या मानाने वजन दोघांचं अगदी सारखं, बीएमआय २२.३. पण एक्स-रेच्या तपासणीत युडकिन यांच्या अंगात ९.१ टक्के चरबी निघाली आणि याज्ञिक यांच्या अंगात २१.२ टक्के.

इथे कॅलिपरची एक मर्यादा लक्षात ठेवावी. पोटाच्या आत, आतड्यांभोवती साठलेली चरबी त्याच्या चिमटीत येत नाही आणि मधुमेह, हृदयविकाराला तीच जास्त कारण होते. तिचा अंदाज घ्यायला शिंप्याची टेप पुरते. श्वास सोडून, पोट आत न ओढता कंबर मोजा. पुरुषाची ९० सेंटिमीटर आणि बाईची ८० सेंटिमीटरच्या वर गेली, तर सावध व्हायला हवं, मग काटा काहीही सांगो.

तिशी ओलांडलेल्यांची रक्तदाब आणि साखरेची तपासणी आरोग्य उपकेंद्रात मोफत होते. कंबर जास्त भरली, तर पावडरचा डबा घेण्याआधी तिथे एक चक्कर मारावी.