घाटाच्या पायथ्याशीं दोन हजार वर्षांपूर्वीं

इतिहासाच्या पुस्तकांत राजांचीं नांवें आणि लढायांचीं सालें पुष्कळ असतात. परंतु राजा सिंहासनावर बसला असतांना शेतांत नांगर कोण धरीत होता, भांडीं कोण घडवीत होता, मुलें काय खात होतीं, हाहि इतिहासच होय. मात्र तो थोडा शोधून काढावा लागतो. इंग्लंडांतील लहान मुलांना शाळेंत अँग्लोसॅक्सन लोकांचें घरगुती जीवन शिकवितात. हे लोक सुमारें पंधराशें वर्षांपूर्वीं त्या देशांत येऊन राहिले. त्यांचीं घरें लांकडाचीं होतीं. तीं केव्हांच कुजून गेलीं. जमिनींत खांब रोवल्याच्या खुणा तेवढ्या राहिल्या आणि त्यांवरून पंडितांनीं घरांचा आकार ओळखला. कर्जत आणि खालापूर तालुक्यांतील मुलांना तर याहून पांचशें वर्षें अधिक मागें जातां येतें. आणि त्यासाठीं समुद्र ओलांडावा लागत नाहीं.

राजमाचीच्या डोंगराच्या पायथ्याशीं, उल्हास नदीच्या खोऱ्यांत, कोंडाण्याचीं लेणीं आहेत. सातवाहन राजांच्या काळांत, म्हणजे सुमारें दोन हजार वर्षांपूर्वीं, बौद्ध भिक्षूंसाठीं तीं खोदण्यांत आलीं. त्यांतील चैत्यगृह सुमारें ६६ फूट लांब आहे. त्याच्या दर्शनी भागाकडे नीट पाहिलें म्हणजे एक नवल दिसतें. तेथें दगडांतच कमानी, सज्जे, कठडे आणि तुळयांचीं टोंकें कोरलेलीं आहेत. दगडाला तुळईची काय गरज? कोरणाऱ्या कारागिरांनीं गांवांतील लांकडी इमारतींची हुबेहूब नक्कल दगडांत उतरविली, हें त्याचें कारण. ज्या घरांची वाळवीनें आणि पावसानें माती केली, त्यांचें चित्र या कातळानें जपून ठेविलें. घाटावर कार्ल्याच्या लेण्यांत तर छताला बसविलेल्या जुन्या लांकडी कमानी आजहि पाहावयास मिळतात.

आतां त्या काळच्या एका गांवाची कल्पना करूं या. सामान्य लोकांचीं घरें माती, लांकूड आणि बांबू यांचीं असत. नेवासें येथें डॉक्टर सांकळिया यांनीं १९५४ सालापासून उत्खनन केलें, तेव्हां सातवाहन काळांतील वस्तीचे अवशेष सांपडले. अशा जुन्या वस्त्यांत मातीचीं भांडीं, दळण्याचीं दगडी जातीं, कांचेचे व दगडाचे मणी, शंखाच्या बांगड्या आणि अंग घासण्याच्या मातीच्या घासण्या मिळतात. अंग घासून स्नान करावें, ही शिकवण आजींनीं आजच नव्यानें काढलेली नाहीं, हें यावरून दिसेल!

जेवणांत मात्र आपल्या ओळखीचे कांहीं पदार्थ मुळींच नव्हते. मिरची, बटाटा, मका, भुईमूग आणि टोमॅटो हीं सर्व अमेरिका खंडांतून आलीं, आणि तीं इकडे येण्यास पुढें पंधराशेंहून अधिक वर्षें लागलीं. तिखटपणा हवा असेल तर मिरी होती. तिळाचें तेल काढणारे तेली होते. नाशिकच्या एका शिलालेखांत त्यांच्या संघाचा उल्लेख आहे. दुसऱ्या एका लेखांत नारळाचीं ८००० झाडें दान दिल्याची नोंद आहे. पोशाख कसा होता, हें कार्ल्याच्या मूर्ति सांगतात. पुरुषांच्या डोक्याला मोठें पागोटें, कमरेला वस्त्र. स्त्रियांच्या हातांत बांगड्यांची रास आणि पायांत जड वाळे.

या खोऱ्याचें महत्त्व वाटेमुळें होतें. उल्हास नदी राजमाचीच्या डोंगरांत उगम पावून कल्याणकडे जाते, आणि कल्याण हें त्या काळीं मोठें बंदर होतें. पहिल्या शतकांत एका ग्रीक भाषा लिहिणाऱ्या व्यापाऱ्यानें समुद्रप्रवासाचें जें पुस्तक लिहिलें, त्यांत कल्याणचें नांव आहे. पश्चिम किनाऱ्याच्या बंदरांत परदेशांतून मद्य, तांबें, कथील, शिसें, पोंवळें आणि कांच येई. इकडून सुती कापड, मिरी आणि हस्तिदंत जाई. हा माल घाट चढून देशावर जावयाचा, तो बैलांच्या पाठीवर. १८६३ सालीं बोरघाटांतून आगगाडी धांवूं लागली. तिच्या कितीतरी आधीं खालापूरच्या बाजूनें आणि राजमाचीच्या अंगानें तांडे सह्याद्रि चढत उतरत होते. वाटेवर भिक्षूंचे विहार असल्यामुळें थकलेल्या वाटसरूला आधार मिळे.

व्यापार आला म्हणजे हिशेब आलाच. नाशिकच्या लेण्यांत नहपान नांवाच्या क्षत्रपाचा जांवई उषवदात याचा एक लेख आहे. त्यानें विणकऱ्यांच्या एका संघाकडे २००० कार्षापण म्हणजे त्या काळचीं नाणीं ठेविलीं. व्याज दरमहा शेंकडा एक. मुलांनो, पाटी घ्या आणि गणित करा. दर महिन्याचें व्याज २० कार्षापण, वर्षाचें २४०. लेण्यांतील २० भिक्षूंना वस्त्रासाठीं प्रत्येकीं १२ कार्षापण द्यावयाचे होते. वीस बारे दोनशें चाळीस! हिशेब बरोबर जुळतो. मुद्दल मात्र परत घ्यावयाचें नाहीं, असें दगडावर स्पष्ट लिहिलें आहे. विणकऱ्यांच्या शब्दावर लोकांचा केवढा विश्वास होता, हें यावरून समजतें.

दान केवळ राजे आणि सावकारच करीत असें नाहीं. कार्ल्याच्या लेखांत सुगंधी द्रव्यें विकणारा सिंहदत्त आहे आणि सामि नांवाचा सुतार आहे. या लेखांची लिपि ब्राह्मी आणि भाषा प्राकृत, म्हणजे आपल्या मराठीची पणजी. त्यांत गुहेला ‘लेण’ म्हटलें आहे; आजहि आपण लेणेंच म्हणतों. सोनाराला ‘सुवणकार’ आणि गांवाला ‘गाम’ म्हटलें आहे. दोन हजार वर्षें शब्द तोंडोतोंडीं चालत आले, थोडे झिजले, पण हरवले नाहींत.

कोंडाण्याच्या चैत्यगृहाच्या दर्शनी भागीं एक मूर्ति आहे. तिच्याजवळ एक लहानशी ओळ कोरलेली आहे. तिचा अर्थ एवढाच, कीं कण्हाचा शिष्य बलक यानें हें केलें. राजाचें नांव नाहीं, पदवी नाहीं, तिथि नाहीं. आधीं गुरूचें नांव, मग स्वतःचें आणि मग काम. या भागांत राहून गेलेल्या असंख्य माणसांपैकीं ज्याचें नांव अशा रीतीनें आपल्यापर्यंत पोंचलें, असा हा एक छिनी-हातोड्याचा धनी.

आज या लेण्यांची स्थिति चांगली नाहीं. पाण्यानें व ओलाव्यानें चैत्यगृहांतील पुष्कळ खांब खालून झिजून गेले आहेत. पाऊस कोणाला थांबवितां येत नाहीं. परंतु सहलीस आलेलीं माणसें खडूनें, कोळशानें आणि खिळ्यानें जुन्या भिंतींवर आपलीं नांवें लिहितात, तें थांबवितां येईल. नांव कोरण्याचा अधिकार बलकाला होता, कारण तो दगड त्यानें आपल्या हातानें घडविला होता. तुम्हीं तेथें जाल तेव्हां ती ओळ शोधा, गुरुजींना त्या अक्षरांची ओळख विचारा, आणि ती तुमच्या मागून येणाऱ्या मुलांनाहि वाचतां येईल अशी जशीच्या तशी राहूं द्या.