संत्र्यावरचा कर कोण ठरवतो?

वरुड-मोर्शीच्या संत्रापट्ट्यात अनेकांना वाटते, भारताचे ‘शेजारी प्रथम’ धोरण आहे, म्हणजे दिल्लीने सांगितले की बांगलादेश आपल्या संत्र्यावरचा कर उतरवेल. तसे होत नाही. आयात शुल्क (बाहेरून येणाऱ्या मालावरचा कर) माल घेणारा देश ठरवतो. शेजारगावच्या आठवडी बाजारात दुकान मांडले, तर जागेची पावती तिथलीच ग्रामपंचायत फाडते. २०२३ मध्ये बांगलादेशाचे संत्र्यावरचे हे आयात शुल्क किलोमागे सुमारे ८८ रुपयांवर गेले आणि व्यापाऱ्यांनी बागांच्या सौद्यांत हात आखडता घेतला. ‘शेजारी प्रथम’ म्हणजे कर्ज, रस्ते, व्यापार यांत शेजाऱ्याला प्राधान्य. त्यात हुकूम बसत नाही. शिवाय हे प्राधान्य नेहमी पाळले गेले नाही: त्याच वर्षी डिसेंबरात भारताने कांदा निर्यात बंद केली, तिची झळ बांगलादेशाला बसली. म्हणून संत्रा उत्पादकांनी शुल्ककपातीच्या वाटाघाटींची मागणी करतानाच अशा अचानक बंद्यांविरुद्धही बोलले पाहिजे.