सोळा, अठरा आणि आईबाबांचा शब्द

"मुलगी सोळाची झालीय, तिला बॉयफ्रेंड आहे. पोलिसांत जाता येईल का?" हा प्रश्न आपल्याकडे दबक्या आवाजात विचारला जातो.

नुसतं तुम्हाला पसंत नाही म्हणून, नाही. इंग्लंड-वेल्समध्ये शरीरसंबंधाला संमतीचं वय १६ आहे. मात्र समोरचा तिचा शिक्षक किंवा खेळाचा प्रशिक्षक असेल, तर १८. नग्न फोटोंनाही १८च. स्वतःचा काढून पाठवला तरी गुन्हा.

आणि डॉक्टर? १९८५ च्या गिलिक खटल्यात हाउस ऑफ लॉर्ड्सने ठरवलं, की पुरेशी समज असेल तर सोळाच्या आतली मुलगीही आईवडिलांच्या परवानगीशिवाय गर्भनिरोधाचा सल्ला घेऊ शकते. ऐकून पोटात गोळा येतो, कबूल! पण पालकांचा अधिकार मुलांच्या भल्यासाठी असतो आणि त्यांची समज वाढेल तसा तो ओसरतो, असं न्यायाधीशांचं म्हणणं होतं.

"मग लग्नच उरकून टाकू," म्हणाल तर तेही बंद. २७ फेब्रुवारी २०२३ पासून इंग्लंड-वेल्समध्ये १८ च्या आत लग्न नाही, पालकांची संमती असली तरी. गावी नेऊन नुसते विधी केले, तरी लावून देणाऱ्यांवर गुन्हा होऊ शकतो.

सुट्टीत भारतात जाताना आणखी एक. तिथे पॉक्सो कायद्यात १८ च्या आतली संमती धरतच नाहीत. इथे सतराव्या वर्षी जे कायद्यात बसतं, त्यावरून पुण्यात मुलावर खटला उभा राहू शकतो. तिकिटं काढण्याआधी हे मुलांच्या कानावर घाला, मुलग्यांच्या तर नक्कीच.