नोझल अंगणात, तपासणी नागपुरात

दिवाळी सरली की वडशात गाडीवाल्यांना उसंत नसते. झाडीपट्टीच्या नाटक मंडळांची ऑफिसं इथेच, आणि होळीपर्यंत गावोगाव प्रयोग. माझी जुनी टाटा ४०७ एरवी धानाची पोती वाहते. हंगामात तिच्यावर पडदे, लाइट आणि साऊंड चढतो. नाटक रात्री उशिरा उभं राहतं आणि पहाटेपर्यंत चालतं. अशा दिवसांत गाडी कोरचीच्या वाटेवर, बेडगाव घाटात काळा धूर ओकत बसली तर तिकडे गावकरी मंडपात ताटकळतात. म्हणून नोझल बदलायचं काम आम्ही घरच्या अंगणात करायला शिकलो. यातलं किती घरी करावं आणि किती करू नये, हे मात्र स्पष्ट सांगितलं पाहिजे.

नोझल म्हणजे इंजेक्टर. डिझेलच्या इंजिनात ठिणगी नसते. हवा इतकी दाबली जाते की ती तापते, आणि त्या तापलेल्या हवेत डिझेलचा बारीक फवारा सोडला की तो आपोआप पेटतो. हा फवारा नोझल सोडतं. इंजिन मिनिटाला दोन हजार फेरे मारत असेल, तर एकेक नोझल मिनिटाला हजार वेळा उघडतं-मिटतं. आतल्या सुईची फट एका मिलिमीटरच्या हजार भागांतले दोन-चार भाग, एवढीच. त्या सुईला वंगण डिझेलचंच. म्हणून डिझेलमध्ये रॉकेल मिसळलं की वंगण कमी पडून सुई झिजते, आणि पाणी आलं की ती गंजून अडकते. आलापल्लीच्या पुढे पंप दूर-दूर. पावसाळ्यात कॅनमधलं डिझेल भरावं लागलं तर मी ते गाळून घेतो आणि दुसऱ्या दिवशी फिल्टरखालचा स्क्रू सैल करून पाणी काढतो. नोझलचं आयुष्य निम्मं तिथेच ठरतं.

कुठलं नोझल गेलं हे ओळखायची रीत जुनीच आहे. गाडी आयडलला ठेवायची आणि पंपाकडून आलेल्या पाइपचा नोझलवरचा नट एकेक करून जरासा सैल करायचा. त्या सिलिंडरचं डिझेल तुटलं की इंजिन डगमगतं; तसंच राहिलं तर समजायचं, तो सिलिंडर आधीच काम करत नव्हता. मागच्या हिवाळ्यात भाचा पाना धरून होता. म्हणाला, "मामाजी, तिसऱ्याले काईच फरक नाई." खरंच, तिसऱ्याचा नट सैल करा की कसा, आवाज तोच.

पण ही रीत फक्त जुन्या, मेकॅनिकल पंपाच्या गाडीची. या गाड्यांत नोझल साधारण दोनशे बारच्या आसपास उघडतं. नव्या कॉमन रेलच्या गाड्यांत दाब हजार-दीड हजार बारच्या पुढे जातो. चालू इंजिनात तिथला नट सैल केला तर डिझेलची धार कातडी भेदून आत शिरते. वरून टाचणीएवढी जखम दिसते, आतून हात कुजू लागतो, लगेच ऑपरेशन करावं लागतं. त्यातच तिथल्या नोझलचा नंबर स्कॅनरने गाडीच्या कॉम्प्युटरला सांगावा लागतो. बीएस-सिक्सची गाडी असेल तर अंगणात पाना उचलूच नये.

आता काम. उघडण्याआधी नोझलभोवतीची धूळ ब्रशने आणि डिझेलने धुवायची, नाहीतर ती थेट सिलिंडरात पडते. नोझल कुठे नटने धरलेलं असतं, कुठे क्लॅम्पने. कार्बनने घट्ट बसलेलं असेल तर आदल्या रात्रीच सुटं करायचं तेल सोडून ठेवावं. टामी लावून उपसू नये. आणि सगळ्यांत महत्त्वाचा तो तांब्याचा वायसर. जुना वायसर बहुतेक वेळा खालीच चिकटून राहतो. तो न काढता वरून नवा टाकला की नोझल दोन वायसरांवर उंच बसतं, फवारा चुकीच्या उंचीवर पडतो, आणि गाडी पुन्हा धूर काढते. लोक मग नवीन नोझलला शिव्या घालतात! म्हणून टॉर्च मारून बघायचं, वाकवलेल्या तारेने वायसर काढायचा, बैठक कार्बनमुक्त करायची, नवा वायसर टाकायचा. पाइप आडवे-तिडवे ओढून बसवू नयेत. चार धागे बोटांनी फिरले पाहिजेत, मगच पाना.

सगळं बसल्यावर एअर काढायची. हातपंप दाबत राहायचा, फिल्टरचा स्क्रू सैल ठेवून, बुडबुडे थांबेपर्यंत. मग नोझलकडचे नट सैल ठेवून सेल्फ मारायचा. प्रत्येकातून बुडबुड्याविना डिझेल आलं की कसायचं. अंगणातली पोरं त्या वेळी लांब ठेवावीत.

घरी इतकंच. नोझल खोलून सुई घासणं, शिम टाकून दाब बसवणं हे माझ्या अंगणात होत नाही. टेस्टरवर दाब किती, फवारा एकसारखा की एका बाजूला, थेंब गळतो का, हे डोळ्यांनी बघायला लागतं. गळणारं नोझल सिलिंडरची भिंत धुतं, डिझेल खाली तेलात उतरतं आणि पिस्टन जळूही शकतं. म्हणून जुना संच नागपुरात पंप-नोझलच्या दुकानात देतो, आणि तपासून आलेला एक जादा संच टोकांना टोप्या लावून, झाकणाच्या डब्यात घरी ठेवतो. हंगामात बदलायचा तो हाच.

त्या दुकानातल्या जुन्या नोझलांवर अजून 'मायको' कोरलेलं दिसतं. १९५१ मध्ये बेंगळुरूत सुरू झालेल्या या कंपनीचं नाव २००८ मध्ये बॉश झालं. नोझल बनवायचा तिचा मोठा कारखाना नाशिकला. तिथल्या चौकाला लोक आजही मायको सर्कलच म्हणतात. बॉशने डिझेलचा पंप पहिल्यांदा कारखान्यात काढला १९२७ मध्ये, जर्मनीत. ४०७ आली १९८६ मध्ये. तिच्यात तोच साधा न्याय होता: पंप ढकलतो, दाबाने स्प्रिंगविरुद्ध सुई उचलली जाते, फवारा पडतो. नव्या गाडीचा धूर कमी, ॲव्हरेज चांगलं, हे मी नाकारत नाही. पण रात्री घाटात उभी राहिली तर मला स्कॅनर कोण आणून देणार?

तिसरं नोझल बदललं तेव्हा सेल्फ लागताच गाडी जरा खोकली आणि सुरळीत झाली. भाच्याने सायलेन्सरला हात दाखवला, धूर पाहिला, आणि लाइटवाल्यांना फोन लावला: "निघा जी, गाडी येते."